संकल्पनात्मक प्रतिमान (संगणकीय सदृशीकरण)

सदृशीकरणाची आज्ञावली लिहिण्यापूर्वी अभ्यासविषयाचे केलेले, कोणत्याही आज्ञावलीला न बांधलेले वर्णन. स्ट्युअर्ट रॉबिन्सन यांच्या मांडणीत त्यात उद्दिष्टे, आदाने, प्रदाने, आशय, गृहीतके व सुलभीकरणे येतात. उदाहरणार्थ, गोव्यातील डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्याचे भूजल घ्या. वर सच्छिद्र जांभा, खाली चिकणमातीचे थर, त्याखाली पाणी धरणारे भुसभुशीत लोहखनिज. भरणा मुख्यतः पावसाळ्यात, उपसा विहिरींतून आणि खाणींतून. खरा वाद सीमारेषेचा असतो: खाणीचा खड्डा प्रतिमानाबाहेर ठेवला, तर विहीर आटण्याचे कारण गणितात सापडणारच नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची ‘मॉडफ्लो’ (१९८४) ही आज्ञावली प्रवाहाची समीकरणे सोडवते. थर आणि सीमा मात्र अभ्यासकालाच ठरवाव्या लागतात.