छटामिश्रण, जलरंगातील
पाण्यात कालवलेले पारदर्शक रंग कागदावर एकमेकांत मिसळवून छटांचा सलग चढउतार साधण्याची पद्धती. ओल्या कागदावर दुसरा रंग सोडल्यास कडा विरघळतात. पहिला लेप वाळल्यावर दिलेल्या रंगाची कड स्पष्ट उमटते. अर्धवट वाळलेल्या लेपावर कुंचला फिरविल्यास डाग पडतात व रंग मळकट होतो. तैलरंगात उजेड पांढऱ्या रंगाने दाखविता येतो. पारदर्शक जलरंगात तो कोऱ्या कागदातूनच यावा लागतो. त्यामुळे फिक्या छटेकडून गडद छटेकडे जावे लागते आणि चूक झाकता येत नाही.

महाराष्ट्रात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) शिकलेल्या चित्रकारांनी हे माध्यम विकसित केले. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी त्यात निसर्गचित्रे रंगविली. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ (१९४५–४६) या चित्रात हातातील दिव्याचा प्रकाश स्त्रीच्या बोटांतून झिरपतो व भोवतीच्या अंधारात हळूहळू मावळतो. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हे जलरंगचित्र पुष्कळदा राजा रविवर्मा यांचे समजले जाते. वस्तुतः रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले होते.