'मानापमाना'तील श्रेष्ठ पद कोणतें?

परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर पोखर्णी हें गांव लागतें. तेथील नृसिंहाचें स्थान मराठवाड्यांत सर्वश्रुत असून अनेक घराण्यांचें तें कुलदैवत आहे. गेल्या वैशाखांत आमचें तेथें जाणें झालें. दर्शन, नैवेद्य व भोजन आटोपून उन्हें उतरेपर्यंत एका ओसरीवर मंडळी विसावली असतां, कसें कोण जाणे, गोष्ट नाटकांतल्या पदांवर आली. आणि 'मानापमाना'तील सर्वांत चांगलें पद कोणतें या प्रश्नावर दोन वृद्धांची चांगलीच जुंपली. एक आमचे सोयरे, निवृत्त तहसीलदार. दुसरे कीर्तनकार बुवा. तहसीलदारांचा पक्ष भामिनीच्या 'नाही मी बोलत' या पदाचा, आणि तें बालगंधर्वांनीं म्हटलें तसेंच. बुवांचा कौल धैर्यधराच्या 'चंद्रिका ही जणू' या पदास, आणि तें मास्तर दीनानाथांचें. अर्धा घटका दोघेहि हातवारे करीत होते. अखेर तहसीलदारांची नात, जी इतका वेळ मोबाईलवर हींच पदें एकामागून एक लावून ऐकवीत होती, मध्येंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही पद कोणतें चांगलें तें सांगतां आहांत, कीं गायक कोण चांगला तें?"

प्रश्न पोरीचा खरा, पण तो शंभर वर्षें मराठी रसिकांस चुकवितां आलेला नाहीं. या नाटकासंबंधीं जितके वाद झाले त्या सर्वांच्या मुळाशीं तोच आहे असें आम्हांस वाटतें; म्हणून त्याचा इतिहास थोडा उकलून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'संगीत मानापमाना'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीनें मुंबईस १२ मार्च १९११ रोजीं केला. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी'तले लेखक. 'कीचकवध' आणि 'भाऊबंदकी' या गद्य नाटकांचे कर्ते. 'कीचकवधा'वर सरकारनें १९१० मध्यें बंदी घातली होती. अशा पुरुषानें संगीत नाटक लिहावें, हीच मुळीं त्या काळीं नवलाची गोष्ट होती. कथानक साधें आहे. भामिनी श्रीमंत बापाची लेक; धैर्यधर हा शूर पण निर्धन सेनापति; लक्ष्मीधर श्रीमंत आणि भित्रा. दारिद्र्याचा अपमान करणारी भामिनी अखेर शौर्याला मान देते. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर आणि लक्ष्मीधर गणपतराव बोडस अशी ती योजना होती. प्रयोगाच्या दिवशींच बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि तरीहि ते रंगभूमीवर उभे राहिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, त्या रात्रींच्या गाण्याविषयीं कांहीं बोलावयाचें तर आधीं या हकीकतीचा पडदा बाजूस सारावा लागतो.

या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. कोल्हापूरच्या बाजूचे हे गृहस्थ पेटी वाजविण्यांत नामांकित. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयास साथ करणारे. त्यांच्या पूर्वी संगीत नाटकांत काय चाले तें ध्यानांत घेतलें पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून साक्या, दिंड्या, अंजनीगीतें, लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली यांवर प्रेक्षक पोसलेला. देवलांच्या 'शारदे'पर्यंत हा प्रवाह फारसा बदलला नव्हता. टेंब्यांनीं एकदम उत्तरेची खिडकी उघडली. ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांच्या लचकदार चाली त्यांनीं मराठी पदांस लावल्या, आणि खाडिलकरांनीं त्या चालींच्या मापानें शब्द बसविले. चाल आधीं आणि शब्द मागून, असा हा व्यवहार होता. खाडिलकरांच्या पदांतील शब्दयोजना ओढाताणीची व दुर्बोध आहे असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो खोटा नाहीं. पण दुसऱ्याच्या अंगरख्यांत शिरलेल्या माणसाचे हात थोडे आंखडणारच.

म्हणजे या पदांचा जन्मच मुळीं दुहेरी. चाल काशी-कलकत्त्याच्या बैठकींतली, भाव मराठी नाटकाचा. एखाद्यास पद आवडलें तर त्यास काय आवडलें? ठुमरीचा तो मुरका, भामिनीचा तो प्रसंग, कीं गाणाऱ्याचा गळा? १९११ सालच्या प्रेक्षकास हा प्रश्न पडला नसावा. तिन्ही गोष्टी त्याच्यासमोर एकाच दिव्याच्या उजेडांत उभ्या होत्या, आणि पसंत पडलें तर तो 'वन्समोअर' देऊन मोकळा होत असे.

तिन्हींची फारकत होऊं लागली ती पुढें. जोगळेकर १९११ सालींच निवर्तले. १९१३ मध्यें बालगंधर्व, टेंबे व बोडस यांनीं किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मूळचा धैर्यधर गेला आणि मूळची भामिनी मात्र राहिली, ही घटना दिसावयास लहान. परंतु तिच्यामुळें नाटकाचा तोल कायमचा भामिनीकडे झुकला. भामिनीच्या पदांचें एक प्रमाणभूत गाणें ठरून गेलें. धैर्यधराची पदें मात्र बेवारस झालीं, आणि ज्याच्या अंगांत सामर्थ्य असेल त्यानें तीं आपलींशीं करावीं अशी स्थिति आली.

तीं आपलींशीं करणाऱ्यांत पहिलें नांव केशवराव भोसल्यांचें. 'ललितकलादर्शा'चा हा प्रमुख, आवाज तेजस्वी आणि पल्लेदार. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरांत टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ दोन्ही मंडळ्यांनीं एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. पुढच्या जागांस शंभर रुपये दर होता. त्या काळीं शंभर रुपये म्हणजे बऱ्याच कारकुनांचा दोन महिन्यांचा पगार. प्रयोगाचें निमित्त राष्ट्रकार्याचें. पण प्रेक्षागृहांत जमलेल्यांचें चित्त फंडाच्या आंकड्याकडे नव्हतें, तर दोघांपैकीं सरशी कोणाची याकडे होतें. त्या रात्रीविषयींच्या आठवणी आजवर छापल्या गेल्या आहेत. त्या वाचतांना आम्हांस एक गोष्ट नेहमीं खटकते. नाटक त्यांत कोठेंच नाहीं. धैर्यधरानें भामिनीस जिंकलें कीं नाहीं याची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं. केशवरावांनीं बालगंधर्वांस जिंकलें कीं नाहीं एवढेंच सर्वांस सांगावयाचें असतें. यांतलें दैव असें कीं, वाद मिटविण्यास दुसरी संधि फारशी मिळालीच नाहीं. केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारले. ज्या फडांतला एक मल्ल तीन महिन्यांत जगांतून जातो, त्या फडाचा निकाल लागत नसतो. तो वाढत जातो.

दीनानाथांची गोष्ट याहून पुढची. १९१८ मध्यें निघालेल्या बलवंत संगीत मंडळीचे ते मुख्य आधार. धैर्यधर त्यांनींहि केला. पण टेंब्यांच्या चाली होत्या तशा म्हणण्याचें बंधन त्यांनीं मानलें नाहीं. कोठें चालीचें वळण पालटलें, कोठें ठुमरीची लचक काढून तिच्या जागीं चपळ, आक्रमक तान बसविली. पंजाबी वळणाची त्यांची ती गायकी ज्यांनीं एकदां ऐकली, त्यांस धैर्यधराचें दुसरें गाणें मिळमिळीत वाटूं लागलें. आतां विचार करावा: शब्द खाडिलकरांचे, नांव त्याच पदाचें, परंतु चालीचा ढंग पालटलेला. तें पद 'मानापमाना'तलें मानावयाचें कीं दीनानाथांचें? ओसरीवर बुवांनीं ज्या पदासाठीं कंठशोष केला, तें टेंब्यांनीं १९११ मध्यें बसविलेलें पदच होतें असें छातीठोक म्हणतां येणार नाहीं. दोघे वृद्ध एकाच नाटकाबद्दल भांडत होते, पण त्यांच्या डोळ्यांपुढील नाटकें दोन होतीं.

या फारकतीवर शिक्का मारला तो ध्वनिमुद्रिकेनें. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचा अवकाश. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत अर्धा तास फुलणारें पद त्या मापांत बसवावें लागे. बसलें तें टिकलें. बसलें नाहीं तें पाहणाऱ्यांबरोबर गेलें. या नाटकांत पदें विपुल आहेत, परंतु आज मैफलींतून ऐकूं येतात तीं थोडींच; आणि हा निवाडा रसिकतेनें जितका केला आहे तितकाच तबकडीनें. 'सर्वोत्कृष्ट पद' म्हणून आपण ज्यांतून निवड करतों, ती यादीच मुळीं आधीं गाळून आलेली आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

आमच्या मराठवाड्यास ही गोष्ट विशेष लागू पडते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं. दरबारची भाषा उर्दू, आणि सभा-समारंभांच्या मागें 'गश्ती ५३' या फतव्यान्वयें परवानगीचा ससेमिरा. मुंबई-पुण्याच्या रसिकाप्रमाणें आठवड्यास दोन नाटकें पाहण्याचें भाग्य परभणी-गंगाखेडच्या माणसास कोठलें? तहसीलदारांच्या आजोबांनीं म्हणे आगगाडीनें मुंबईस जाऊन बालगंधर्वांची भामिनी पाहिली होती, आणि त्या प्रवासाची कथा त्या घरांत काशीयात्रेसारखी सांगितली जाते. परंतु असे किती? बाकीच्यांकडे गाणें आलें तें तबकडींतून, किंवा कीर्तनांतून. घरांतल्या तबकडीस परवानगी लागत नव्हती. कीर्तनकारांनींहि नाटकांतल्या चाली मोकळ्या मनानें उचलल्या. आमच्या बुवांनीं स्वतः कबूल केलें कीं, धैर्यधराच्या पदाची चाल त्यांनीं लहानपणीं प्रथम ऐकली ती आख्यानांत, अभंगाला लावलेली. तें मूळ नाटकांतलें आहे हें त्यांस पुढें कित्येक वर्षांनीं समजलें. ज्यानें नाटक पाहिलें तो प्रसंगास मत देतो आणि ज्यानें तबकडी ऐकली तो गळ्यास. ज्यानें कीर्तन ऐकलें तो निव्वळ चालीस मत देतो. तिघांस एका पंगतीस बसवून 'श्रेष्ठ कोणतें' असें विचारलें तर भांडण होणारच.

येथें पेटीविषयीं एक शब्द, कारण तिच्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. टेंबे हे पेटीवाले. मराठी संगीत रंगभूमीचा सगळा संसार बाजाच्या पेटीवर आणि पुढें ऑर्गनवर उभारलेला. हें वाद्य परदेशी. पॅरिसच्या दबां नामक कारागिरानें १८४२ मध्यें त्याचा हक्क नोंदविला. त्याचे स्वर ठरीव, त्यांत मींड निघत नाहीं, म्हणून शास्त्रशुद्ध मंडळींचा त्यावर राग. ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून पेटी हद्दपार केली, आणि ही बंदी १९७१ मध्यें सैल होईपर्यंत तीस वर्षें चालली. गंमत अशी कीं, ज्या पदांना पेटीवाल्यानें चाली दिल्या, तींच पदें नभोवाणीच्या केंद्रांतून गातांना पेटी बाहेर ठेवावी लागे. बंदी घालणाऱ्यांचा युक्तिवाद आम्हांस अगदींच त्याज्य वाटत नाहीं. परंतु त्यांनीं 'मानापमाना'ची पदें एकदां मन लावून ऐकावयास हवीं होतीं. मींड गळ्यानें घ्यावी आणि पेटीनें तिला उंबरठ्यापर्यंत पोंचवावी, ही वांटणी बालगंधर्वांच्या गाण्यांत स्पष्ट ऐकूं येते.

आणखी एक चमत्कार नोंदवून ठेवण्याजोगा आहे. भामिनीचीं पदें ज्यानें अमर केलीं तो पुरुष. आणि धैर्यधराचें 'चंद्रिका ही जणू' पुढील पिढीच्या कानीं घातलें तें आशा भोसले यांनीं, म्हणजे दीनानाथांच्या कन्येनें. स्त्रीची पदें पुरुषाच्या गळ्यांतून आणि पुरुषाचीं स्त्रीच्या गळ्यांतून आपणांपर्यंत आलीं. भूमिका गळून पडली, स्वर उरला. २०२५ मध्यें याच नाटकावरून नव्या संगीतासह चित्रपट निघाला. त्याचें गाणें आमच्या ओसरीवरच्या नातीस मुखोद्गत होतें, आणि तिचें मत विचारतां तिनें त्यांतलेंच एक सांगितलें. दोघे वृद्ध यावर एकदम एक झाले. सबंध दुपारींत त्यांचें एकमत झालें तें एवढ्या एका बाबतींत.

मग आमचा कौल विचारण्यांत आला. आम्हीं 'नाही मी बोलत' असें सांगितलें. तहसीलदार प्रसन्न झाले आणि त्यांनीं आम्हांस सुपारी पुढें केली. परंतु प्राध्यापकी संवय अशी कीं, उत्तर देऊन थांबवत नाहीं, कारण सांगावें लागतें. आम्ही म्हणालों कीं, हें पद स्वतंत्र गाणें म्हणून त्या नाटकांत सर्वांत श्रेष्ठ आहे असें आमचें म्हणणें नव्हे. नुसत्या गाण्याची परीक्षा असती तर आम्ही कदाचित बुवांकडे गेलों असतों. परंतु लटक्या रुसव्याचें हें पद म्हणावयाचें तर समोर कोणी तरी असावें लागतें. ज्याच्याशीं बोलावयाचें नाहीं तो तेथें उभा असल्यावांचून न बोलण्याला अर्थ नाहीं. बालगंधर्वांच्या तबकडींत रंगभूमि नाहीं, दिवे नाहींत, शालू नाहीं. तरी ऐकतांना तो न दिसणारा धैर्यधर समोर उभा राहतो. तीन मिनिटांच्या कैदेंतहि जें पद आपलें नाटक सोडून आलें नाहीं, त्यास आमचें मत.

तहसीलदारांनीं पुढें केलेलें तबक मागें घेतलें. "नाटकाचें काय घेऊन बसलांत, प्रोफेसर?" ते म्हणाले. "आमच्या आजोबांना कथानक विचारलें तर तें त्यांना धड सांगतां येत नसे. ते गळा ऐकायला गेले होते." बुवा हंसूं लागले. तितक्यांत गाडी तयार असल्याचा निरोप आला, आणि नातीनें मोबाईल बंद केला.