कोर्लईचा कडा आणि आईची भाषा



गेल्या महिन्यात गुडघ्यांची परवानगी न घेता मी एक किल्ला चढून आले. मुलाला चार दिवस सुट्टी होती आणि नातीला समुद्र पाहायचा होता. सूनबाई म्हणाल्या, "आई, अलिबागला सगळेच जातात, आपण थोडं पुढे जाऊ." म्हणून आम्ही कोर्लईला गेलो. जाताना एवढंच माहीत होतं की तिथे किल्ला, दीपगृह आणि वाळूचा किनारा आहे. परतताना मात्र मनात माझी आई होती. असं का झालं, ते सांगते.

अलिबागहून दक्षिणेकडे निघालं की चौल लागतं, मग रेवदंडा. रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की समुद्राच्या कडेकडेने रस्ता कोर्लई गावात जातो. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या तोंडाशी एक डोंगर जिभेसारखा पाण्यात शिरला आहे. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला गाव. पोर्तुगीज या डोंगराला 'मोरो' म्हणायचे, म्हणजे टेकाड. उंची असेल अडीचशे-तीनशे फूट. त्याच्या माथ्यावर लांबट, चिंचोळा किल्ला आहे, आणि पश्चिमेच्या पायथ्याशी दीपगृह.

आम्ही सूर्योदयानंतर नाश्ता करूनच निघालो. बरोबर गाळून घेतलेलं पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं सरबत होतं. दीपगृहाच्या मागून पायऱ्या चढतात. पायऱ्या उंच आहेत आणि सावली अजिबात नाही. माझ्यासारखीला मध्ये मध्ये बसत अर्धा तास लागतो. टोपी किंवा डोक्यावर पदर हवाच. वर पोहोचलं की वारा अंगावर येतो आणि सगळा शीण जातो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि खाडीपलीकडे नारळी-पोफळीच्या गर्दीत रेवदंड्याची पडकी तटबंदी. त्या झाडांमधून एक उंच मनोरा डोकावतो. तो पोर्तुगीजांच्या जुन्या चर्चचा. लोक त्याला सातखणी म्हणतात.

किल्ल्यात एकामागून एक दरवाजे आहेत. म्हणजे एक पडला तरी पुढचा लढवता यावा. आत पाण्याचं टाकं आहे, छोटं महादेवाचं मंदिर आहे आणि त्याच्याजवळच छप्पर उडालेलं चर्च. समुद्राकडच्या टोकाला गंजलेल्या तोफा पडल्या आहेत. नात एका तोफेवर बसली आणि म्हणाली, "आजी, इथे कोण कोणाशी भांडत होतं?"

आता मी बी.कॉम. झालेली बाई. इतिहास शाळेत सोडला तो सोडला. पण नातीला "माहीत नाही" म्हणणं जिवावर येतं, म्हणून घरी येऊन जमेल तेवढं वाचलं. वाचताना कळलं की आधी भांडण नव्हतं, आधी व्यापार होता. चौल हे दोन हजार वर्षं जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणारे जे व्यापारी आहेत, त्यात चौलचेही आहेत. तेव्हा गावाचं नाव होतं 'चेमूल'. ग्रीक खलाशांच्या लिखाणातही ते येतं. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला, तेव्हा शिलाहारांच्या राज्यात हजारो मुसलमान व्यापारी इथे सुखाने राहत होते असं त्याने लिहून ठेवलं आहे.

मला सगळ्यांत आवडला तो अफनासी निकितीन. हा रशियातला व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. विकून नफा करावा म्हणून त्याने एक घोडा आणला होता. गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे मागे फिरायचे. पुढे जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. निकितीनने धर्म बदलला नाही. दुसऱ्या एका भल्या मुसलमान माणसाने मध्यस्थी केली, म्हणून घोडा परत मिळाला. पण त्याचं खरं दुःख वेगळं होतं. येताना वाटेत लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तकं नेली होती. त्यामुळे आपले सण कधी आणि उपवास कधी, हे त्याला कळेना. बिचारा अंदाजाने ईस्टर पाळत राहिला. आपल्याला पंचांग न मिळता परमुलखात पर्युषण आलं तर काय होईल, हे मनात आणा, म्हणजे त्याची तळमळ समजेल.

व्यापार मोठा झाला आणि त्यावर हक्क सांगणारे आले. १५०८ मध्ये चौलजवळच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा त्यात मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी १५२१ च्या सुमारास रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. पुढे समुद्रावर त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारायची सोय राहिली नाही. परवाना नसेल तर माल जप्त. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर समुद्रावरच जकात नाका बसला.

१५७० मध्ये निजामशहाने चौलला वेढा घातला, पण तो फसला. मग १५९० नंतर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरचा हा कोर्लईचा डोंगरच बळकट करायला घेतला. इथून तोफा डागल्या तर खाडीतून एक होडी जाणार नाही. पोर्तुगीजांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. १५९४ मध्ये त्यांनी हल्ला करून डोंगर घेतला. त्या लढाईत हजारो माणसं मेली. मी ज्या दरवाज्याच्या सावलीत बसून सरबत प्यायले, तिथेच कुठेतरी. वाचल्यावर अंगावर काटा आला. नातीला एवढंच सांगितलं, "बाळा, माल विकायला आलेले लोक भांडायला लागले." मनात णमोकार म्हटला.

पुढचा भाग आपल्याला शाळेतून थोडा आठवत असेल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. चौल-कोर्लईभोवतीही मराठ्यांचा फास आवळला, आणि १७४० च्या तहाने पोर्तुगीजांनी ही दोन्ही ठाणी मराठ्यांच्या हवाली केली. बदल्यात मराठ्यांनी गोव्यातला साष्टीचा मुलूख सोडला. साहेब, सरदार, पाद्री जहाजात बसून गेले. किल्ल्यांचा इतिहास इथे संपतो. पुस्तकंही बहुतेक इथेच संपतात.

पण सगळे गेले नव्हते. गरीब कुठे जाणार? पोर्तुगीज शिपायांच्या इथल्या बायका, त्यांची मुलं, नव्याने ख्रिस्ती झालेली कुटुंबं, शेतावर राबणारी माणसं मागे राहिली. ती या डोंगराच्या पायथ्याशी वसली. त्यांची लेकरंबाळं आजही कोर्लईत आहेत आणि घरात एक वेगळीच भाषा बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. अभ्यासकांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली आहेत. ते म्हणतात की तिच्यातले शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्य हळूहळू मराठीसारखं झालं. क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. ती बोलणारी माणसं साधारण हजाराच्या आतबाहेर, आणि तीही बहुतेक या एका गावात.

आम्ही किल्ला उतरून किनाऱ्यावर आलो. पोरीने वाळूत मनसोक्त पाय बुडवले. दशम्या खाल्ल्या. मग गावातून परत येताना एका घराच्या ओट्यावर माझ्याच वयाची एक बाई बसलेली दिसली. तिचा लहान नातू रडत होता आणि ती त्याला काहीतरी समजावत होती. मराठी वाटावं असं, पण एकही शब्द कळेना. मी थांबले. विचारलं, "ताई, ही कोणती भाषा?" ती हसली. म्हणाली, "आमची घरातली. तुमच्याशी मराठी, घरात ही."

ती मला बसा म्हणाली. पाणी देऊ का म्हणाली. मी माझ्या बाटलीचं पाणी दाखवलं, तिला वाईट वाटलं नाही. मी विचारलं, "शाळेत शिकवतात का?" "छे! शाळा मराठीची. पूर्वी चर्चमध्ये पोर्तुगीज बोलणारे पाद्री यायचे, आता प्रार्थनाही मराठीत. ही भाषा लिहीत कोणी नाही. आईने पोराला हाक मारली की झालं शिक्षण." आणि थोडं थांबून म्हणाली, "सून बाहेरची आहे. ती त्याच्याशी मराठी बोलते. मी आहे तोवर हा ऐकेल."

मैत्रिणींनो, माझ्या घशात आवंढा आला. कारण मी त्या नातवाच्या जागी होते.

माझी आई बेळगावकडची. आपल्यातल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांसारखी तिची घरची भाषा कानडी. लग्न होऊन ती सांगलीला आली. आम्हा भावंडांशी ती कानडीत बोलायची. जेवायला हाक मारायची तीही कानडीत, 'ऊटा' म्हणून. पण मी शाळेत जायला लागले आणि मैत्रिणी हसल्या. मी घरी येऊन आईला म्हटलं, "मराठीत बोल, मला लाज वाटते." आईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत बोलू लागली. तिचं मराठी शेवटपर्यंत अडखळतच राहिलं. आम्ही तिच्या चुकांना हसायचो.

शेवटच्या आजारपणात तिचं मराठी गेलं. आठ-दहा दिवस ती फक्त कानडी बोलत होती. "नीर" म्हणाली की पाणी, एवढं मला कळायचं. बाकी ती मला रात्रभर काहीबाही सांगायची, माझा हात धरून. मी "हो अव्वा, हो अव्वा" म्हणत राहिले. ती काय सांगत होती, ते मला आजही माहीत नाही. मावशी पोहोचली तोपर्यंत आईचं बोलणं थांबलं होतं.

कोर्लईच्या त्या ओट्यावर मला हे सगळं आठवलं. आपण धर्म जपतो, सोवळं जपतो, पाणी गाळायचं फडकं जपतो. सासूने दिलेलं पितळेचं पातेलं जपतो. पण भाषा? ती तर आईच्या तोंडून फुकट मिळते, म्हणून तिची किंमत खतावणीत कुठे मांडलीच जात नाही. आणि हिशेबात न मांडलेली वस्तू कधी गेली, तेही कळत नाही.

गंमत म्हणजे त्या पोर्तुगीजांचे शब्द माझ्याही घरात आहेत. चावी, बादली, पिंप, घमेलं, पगार, लिलाव हे सगळे त्यांच्याकडून आलेले. बटाटा आमच्या स्वयंपाकघरात येत नाही, पण त्याचं नावसुद्धा पोर्तुगीजच. तटबंदी पडली, तोफा गंजल्या, पण बाईच्या तोंडातला शब्द टिकला. हजारो माणसं मारून जो डोंगर घेतला, तो दीडशे वर्षांत गेला. ज्यांना कोणी विचारलं नाही, अशा गरीब बायकांनी लेकरांना निजवताना जे जपलं, ते पावणेतीनशे वर्षं राहिलं आहे. आता पूल झाला आहे, मुलं मुंबईला नोकरीला जातात. पुढे किती टिकेल, कोण जाणे.

सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं होतं, म्हणून आम्ही निघालो. गाडीत नात म्हणाली, "आजी, त्या आजींची भाषा वेगळी. मग आपली भाषा कोणती?" मी म्हटलं, "मराठी." मग म्हटलं, "आणि अजून एक होती."

परत आल्यावर मावशीला फोन लावला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हटलं, "मावशी, माझ्याशी कानडीत बोल. कळलं नाही तरी बोल." आधी ती खूप हसली, मग बोलायला लागली. दर रविवारी दुपारी आमचा फोन असतो. नात शेजारी वही घेऊन बसते आणि शब्द लिहून घेते. आत्तापर्यंत एकेचाळीस झाले आहेत.

कोर्लईला जाणार असाल तर थंडीत जा, सकाळी लवकर चढा, पाणी भरपूर घ्या. आणि किल्ला पाहून तसेच परत फिरू नका, गावातून चालत या. तुमच्या घरात आई, सासू किंवा आजेसासू वेगळं काही बोलत असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. हसू नका. फक्त ऐका.