जुन्या फोटोत गाडी दिसतेय? मग फोटो कोणत्या सालचा, ते असं शोधा

घराघरात ट्रंकेत, माळ्यावर नाहीतर काकांच्या व्हॉट्सअॅपवर असा एखादा फोटो असतोच. वाड्यासमोर गाडी उभी आहे, बॉनेटला टेकून आजोबा उभे आहेत, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आजी आणि तिच्या कडेवर बाळ. फोटोच्या मागे ना तारीख, ना नाव. मग फॅमिली ग्रुपवर वाद पेटतो. बाळ म्हणजे थोरले काका, बाबा की आत्या? ज्यांना नक्की माहीत होतं, ती माणसं आता नाहीत.

अशा वेळी फोटोतल्या माणसांआधी गाडीकडे बघा.

गाडीच का?

कारण फोटोतलं बाकी बरंच काही वर्षानुवर्षं तसंच राहतं. नऊवारी, धोतर, टोपी यांवरून १९५५ आणि १९७० यांतला फरक सांगणं अवघड आहे. जागेवरून साल काढायचं तर जागाच ओळखू येत नाही. शेंद्र्याचंच उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना लागणारं हे गाव एकेकाळी मुख्यतः मांगीरबाबांच्या चैत्रातल्या जत्रेसाठी ओळखलं जायचं. आज तिथे एमआयडीसी आहे, ऑरिक सिटी आहे, स्कोडाचा कारखाना आहे. जुन्या फोटोतलं शेत, विहीर, गाडीवाट आता शोधून सापडायची नाही.

गाडी मात्र कारखान्यात बनते. ती कधीपासून बनायला लागली आणि तिच्या जाळीत, दिव्यांत, नावात कधी बदल झाला, याची नोंद असते.

पहिला नियम: गाडी फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते

गाडी १९६४ ची असेल, तर फोटो १९६३ चा असूच शकत नाही. पण तो १९८४ चा असू शकतो. आपल्याकडे एकच गाडी वीस-पंचवीस वर्षं वापरायची पद्धत होती. म्हणून फोटोत जी वस्तू सर्वांत नवी, ती साल ठरवते. मागे १९४८ ची डॉज आणि पुढे चेतक स्कूटर असेल, तर डॉज विसरा. चेतक १९७२ मध्ये आली, त्यामुळे फोटो त्यानंतरचाच.

दुसरा नियम: परदेशी सालावर विश्वास ठेवू नका

गुगल लेन्सवर फोटो टाकला, तर अॅम्बॅसेडरच्या जागी 'मॉरिस ऑक्सफर्ड, १९५६ ते १९५९' असं उत्तर येऊ शकतं. ते चूक नाही, पण आपल्या कामाचंही नाही. इंग्लंडमध्ये ते मॉडेल तीन-चार वर्षांत बंद झालं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने त्यावरूनच १९५७-५८ मध्ये अॅम्बॅसेडर आणली आणि ती २०१४ पर्यंत बनवली. फियाटचंही तसंच. इटलीत काही वर्षांत थांबलेली गाडी इथे 'पद्मिनी' होऊन २००० सालापर्यंत धावली. म्हणून शोधताना नेहमी भारतातलं उत्पादन कधीचं, ते बघा.

कोणती गाडी कधीची?

*हेडलाइट सुटे, कंदिलासारखे उभे आणि दाराखाली पाय ठेवायला लांब फळी:* ही गाडी साधारण १९२० ते १९३० च्या दशकांतली. १९४० च्या आसपास हेडलाइट मडगार्डमध्ये बसवले जाऊ लागले, पण मडगार्ड फुगीर आणि वेगळेच दिसत. १९४९-५० पासून बाजू सपाट होत गेल्या.

*लांबलचक अमेरिकन गाड्या:* शेव्हरोले, ब्युइक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्यांची जुळणी केली. पुढे सरकारने नुसत्या जुळणीऐवजी देशातच उत्पादन करण्याचा आग्रह धरला आणि १९५४ च्या सुमारास कंपनीने गाशा गुंडाळला. त्यानंतर नव्या अमेरिकन गाड्या कमी दिसू लागल्या, जुन्या मात्र चालत राहिल्या.

*डुक्कर फियाट:* गोल पाठ आणि पुढे आलेलं नाक यामुळे पडलेलं हे नाव आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात १९५४ पासून फियाट ११०० बनवायला घेतली. खूण सोपी आहे: डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले.

*नेहमीची फियाट:* टॅक्सी म्हणून डोळ्यांसमोर येते ती चौकोनी फियाट, म्हणजे ११०० डिलाइट, १९६४ ला आली. आकार पुढे फारसा बदलला नाही, नाव बदललं. १९७३ ला 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ ला 'प्रीमियर पद्मिनी'. त्यामुळे गाडीवरचं नाव वाचता आलं, तर अर्धं काम झालं.

*लँडमास्टर आणि अॅम्बॅसेडर:* लँडमास्टर १९५४ ची. तिची मागची बाजू गोलसर उतरती आहे, तर अॅम्बॅसेडरच्या मागच्या कोपऱ्यांना किंचित टोक आहे. १९६२-६३ च्या मार्क टू अॅम्बॅसेडरला बारीक चौकड्यांची जाळी आली. १९७९ च्या मार्क फोरची जाळी लहान, चौकड्या मोठ्या आणि पुढचे छोटे दिवे चौकोनी.

*जीप:* गावाकडच्या फोटोत हीच जास्त सापडते. पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. नऊ फटी असतील आणि स्टिअरिंग डावीकडे असेल, तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप. नंतरच्या नागरी जीपला सात फटी. महिंद्राने भारतात जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली.

*ट्रक:* टाटाच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा दिसला, तर तो त्यांच्या भागीदारीच्या काळातला. ही भागीदारी १९५४ मध्ये सुरू झाली आणि १९६९ मध्ये संपली.

*मारुती ८००:* पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली. आपल्या ओळखीचा आकार मात्र १९८६ पासूनचा, त्याआधीची जास्त खोक्यासारखी.

*ऑक्टेव्हिया:* हे साल लक्षात ठेवायला शेंद्र्याच्या वाचकांना अडचण नाही. ती २००१ मध्ये इथूनच निघाली.

नंबर प्लेट कशी वाचायची?

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मुंबई राज्यातले नंबर 'बी' अक्षराने सुरू होत, महाराष्ट्राचे 'एम'ने. तेव्हा तीन अक्षरं आणि पुढे आकडे अशी पद्धत होती. पण 'एम' दिसला म्हणजे महाराष्ट्रच असं नाही. मद्रास, म्हैसूर आणि मध्य प्रदेशचे नंबरही 'एम'नेच सुरू व्हायचे, म्हणून दुसरं अक्षरही बघा.

'एमएच-२०' हा आपल्या ओळखीचा नंबर १९८९ पासूनच्या नव्या पद्धतीतला. खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असतील, तर ती साधारण २००० च्या दशकाच्या सुरुवातीआधीची.

कुठे फसायला होतं?

- जत्रेतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याची गाडी असायची. चाकांची सावली जमिनीवर पडलेली नसेल, तर शंका घ्या.
- गाडी आजोबांचीच होती असं नाही. डॉक्टर, सावकार, पाहुणे, नाहीतर लग्नासाठी भाड्याने आणलेली. फोटोतल्या गाडीवरून घराची श्रीमंती ठरवू नका.
- नंबर उलटा दिसत असेल, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे.
- नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असेल, तर तो फोटो अगदी अलीकडचा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ही मालिका २०२१ च्या नियमांनी आली.
- एआय अॅपने फोटो 'क्लिअर' करून नंबर वाचू नका. अॅप पुसट अक्षरं वाचत नाही, स्वतःच्या अंदाजाने नवी काढतं. रंगांचंही तेच. मूळ फोटो स्कॅन करा आणि तोच मोठा करून बघा.

आता ते बाळ कोण?

समजा, थोरल्या काकांचा जन्म १९६० चा, बाबांचा १९६५ चा आणि आत्याचा १९६९ चा. घरात सगळे म्हणतात की हा काकांच्या पहिल्या दिवाळीचा फोटो. पण गाडी आहे फियाट ११०० डिलाइट. म्हणजे फोटो १९६४ च्या आधीचा नाही. तेव्हा काका निदान चार वर्षांचे होते, आजीच्या कडेवरचं तान्हं बाळ ते नाहीत.

मग बाबा की आत्या? हे गाडी सांगू शकत नाही. आता माणसांकडे बघा. आजोबांचं बोट धरून उभा असलेला मुलगा पाच-सहा वर्षांचा दिसतो. तो काका असतील, तर साल १९६५-६६ आणि बाळ म्हणजे बाबा. तोच मुलगा नऊ-दहा वर्षांचा दिसला असता, तर बाळ आत्या ठरली असती. गाडीने चुकीचं नाव बाजूला केलं, बरोबर नाव माणसांच्या वयाने दिलं.

उत्तर सापडलं की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. नुसतं '१९६५' नको. 'अंदाजे १९६५-६६, गाडी डिलाइट, उभा मुलगा थोरले काका' असं कारणासकट लिहा. उद्या कुणाला वेगळा पुरावा सापडला, तर आपला अंदाज कशावर उभा होता हे त्याला कळेल. आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला फोटो हातात देऊन विचारा, "गाडी कुणाची होती?" बाळाचं नाव विसरलेल्या माणसालाही गाडी कुणाची, हे अनेकदा आठवतं.