मीटरच्या पलीकडची तार : मुंबईतील वायरिंगच्या नियमांचा इतिहास

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात, आणि विजेच्या दिव्यांमुळे इमारतींना आग लागू नये म्हणून लंडनमधील तारयंत्र व विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने आपले चार पानी नियम छापले तेही त्याच वर्षी. या दोन घटनांचा एकमेकींशी तेव्हा काहीही संबंध नव्हता. ‘ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी’शी नगरपालिकेने केलेला करार वर्षभरही टिकला नाही, कंपनीचे दिवाळे निघाले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले, लंडनचे नियम मात्र आवृत्तीमागून आवृत्ती वाढत गेले आणि पुढे पन्नासाहून अधिक वर्षे हिंदुस्थानातील वायरिंगच्या कामाला तेच आधारभूत राहिले. ते नियम सरकारने केलेले नव्हते आणि कोणत्याही नगरपालिकेनेही नव्हते. विजेची हमी घेणारे अभियंते आणि आगीची नुकसानभरपाई देणाऱ्या विमा कंपन्या यांच्या गरजेतून ते निघाले होते, आणि घरातील तार हा शासनाचा विषय आहे की घरमालकाचा, हा प्रश्न त्यांनी तसाच मोकळा ठेवला होता. मुंबईच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची शंभर-सव्वाशे वर्षे गेली.

मुंबईला विजेचा स्थायी पुरवठा मिळाला तो १९०३ च्या भारतीय विद्युत अधिनियमाखाली. ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ (बेस्ट) १९०५ मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी वाडी बंदरचे वीजघर सुरू झाले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. १९०३ च्या कायद्याची जागा १९१० च्या कायद्याने घेतली. या दुसऱ्या कायद्याने सरकारला विद्युत निरीक्षक नेमण्याचा अधिकार दिला आणि अपघाताची खबर त्याला देणे बंधनकारक केले. थोडक्यात, विजेच्या सुरक्षिततेची सारी व्यवस्था पहिल्यापासून वरिष्ठ सरकारच्या हाती होती. नगरपालिकेकडे होता तो १८८८ चा महानगरपालिका कायदा आणि त्याखालचे इमारतीचे नियम, ज्यांचे लक्ष भिंतीची जाडी, मोरीचा उतार, जिन्याची रुंदी आणि दोन इमारतींमधील मोकळी जागा यांवर होते. १८९६ च्या प्लेगनंतर तर हवा आणि उजेड हे शहररचनेचे मुख्य सूत्रच बनले आणि त्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. या साऱ्या चर्चेत उजेड म्हणजे खिडकीतून येणारा उजेड. त्याच खोलीत तारेतून उजेड येऊ लागला, तेव्हा इमारतीच्या नियमांत त्याला जागा करून देण्याची निकड नगरपालिकेला फारशी वाटली नाही, कारण ते खाते दुसऱ्याचे होते.

दोन खात्यांमधील ही सीमा प्रत्यक्षात आखली मीटरने. रस्त्याखालची केबल, इमारतीत शिरणारी जोडतार, सीलबंद कटआउट आणि मीटर ही पुरवठादाराची मालमत्ता व जबाबदारी. मीटरच्या पलीकडचा मेन स्विच, तेथून खोलीत जाणारी तार, बटणे आणि दिवे ही ग्राहकाची. वीजव्यवहारात आजही हीच सीमा चालते. ग्राहक म्हणजे जो बिल भरतो तो. परंतु चाळीत बिल भरणारा भाडेकरू वेगळा आणि ज्या भिंतीवर तार ठोकलेली असते तिचा मालक वेगळा, ही मुंबईची खास अडचण या आखणीत कोणी विचारात घेतलेली दिसत नाही.

त्या काळी भिंतीवर काय ठोकले जात होते हे पाहिल्याशिवाय नियमांचा अर्थ नीट कळत नाही. सर्वांत स्वस्त पद्धत चिनी मातीच्या क्लीटची होती, म्हणजे दोन खाचांच्या पांढऱ्या गुटक्यांत तारा चिमटून उघड्याच ओढायच्या. त्याहून बरी पद्धत केसिंग-कॅपिंगची, ज्यात सागवानी पट्टीला दोन लांब खाचा पाडून त्यांत फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या बसवत आणि वरून लाकडी झाकणपट्टी स्क्रूने आवळत. पुढे चिवट रबरी आवरणाची तार आली आणि ती सागवानी बॅटनवर पितळी क्लिपांनी बसवली जाऊ लागली. भिंतीत भोक पाडून लाकडी गट्टी ठोकायची, तिच्यावर बॅटन आणि बॅटनच्या टोकाला बटणासाठी गोल लाकडी ठोकळा, हे दृश्य जुन्या चाळींत अजूनही सापडते. या तारांवरचे रबर गंधक घालून पक्के केलेले असे आणि गंधक तांब्याला खात असल्याने तारेला आधी कथिलाचा मुलामा द्यावा लागे. असे रबर वीस-पंचवीस वर्षांत सुकते, त्याला चिरा पडतात आणि बोट लावले तरी त्याचा भुगा होतो. मुंबईच्या दमट हवेत सागवान तग धरते, पण रबर धरत नाही. त्यामुळे बाहेरून पट्टी धडधाकट दिसावी आणि आत तार उघडी पडलेली असावी, हा या शहरातील धोक्याचा नेहमीचा प्रकार झाला.

१९१० च्या कायद्याखाली १९२२, १९३७ आणि शेवटी १९५६ मध्ये भारतीय विद्युत नियम प्रसिद्ध झाले. यांतील १९५६ चे नियम अर्धशतकाहून अधिक काळ चालले आणि मुंबईतील प्रत्येक वायरमनच्या परवाना परीक्षेत विचारले गेले. त्यांतील ४५ व्या नियमानुसार इमारतीतील विजेचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो की दुरुस्तीचे, राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिटधारक वायरमनकडून करवून घ्यायचे होते. सवलत होती ती दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू बदलण्यापुरती, आणि तीही जोडणीची क्षमता व स्वरूप बदलत नसेल तरच. ४८ व्या नियमाने पुरवठादाराला बजावले होते की जोडणी देतेवेळी त्या जागेतून होणारी विजेची गळती कमाल प्रवाहाच्या पाच हजाराव्या भागापेक्षा जास्त असेल तर जोडणी देऊ नये. पाच अँपिअरच्या जोडणीला ही मर्यादा एक मिलिअँपिअर इतकी, म्हणजे माणसाला जेमतेम झिणझिणी जाणवेल एवढीच येते. नियम ढिला होता असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र ‘जोडणी देतेवेळी’ हे त्यातील दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. तारेची परीक्षा तिच्या जन्माच्या वेळी व्हायची होती. पुढच्या आयुष्याची तरतूद वेगळ्या नियमात होती.

ती तरतूद ४६ व्या नियमात होती. पुरवठ्याला जोडलेल्या प्रत्येक जागेची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी आणि ती निरीक्षकाने किंवा राज्य सरकार सांगेल त्याप्रमाणे पुरवठादाराने करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. लाखो खोल्यांच्या शहरात दर पाच वर्षांनी प्रत्येक दार ठोठावायचे तर त्यासाठी एक स्वतंत्र खातेच उभारावे लागले असते, आणि घरगुती जागांपुरता हा नियम बहुतांशी कागदावरच राहिला. याउलट चित्रपटगृहाला परवान्यासाठी विद्युत निरीक्षकाचा दाखला लागे, आणि लिफ्टसाठी तर मुंबई प्रांताने १९३९ मध्ये स्वतंत्र कायदा करून तपासणी लावून दिली होती. जेथे परवाना पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो तेथे तारेकडे पुन्हा पाहिले गेले. राहत्या खोलीला परवाना लागत नाही, म्हणून तिच्या तारेकडे पाहण्याचा प्रसंग आला तो शॉर्ट सर्किटचा पंचनामा करतानाच.

फ्यूजची गोष्ट याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. चिनी मातीच्या ज्या फ्यूजला लोक किटकॅट म्हणतात, त्यात बसवायची बारीक तार ही वायरिंगमधील मुद्दाम ठेवलेली दुबळी जागा असते. भार वाढला की ती वितळते आणि भिंतीतील तार वाचते. फ्यूज बदलण्याची मुभा नियमानेच दिली होती, पण क्षमता न बदलण्याची अट पाळली जाते की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. रात्री फ्यूज उडाला आणि घरात फ्यूज वायर नसली की वायरच्या तुकड्यातील तांब्याच्या दोन-तीन काड्या पिळून बसवल्या जात, आणि तेव्हापासून दुबळी जागा फ्यूजमध्ये न राहता पोटमाळ्यावरून गेलेल्या जुन्या रबरी तारेत जाऊन बसे. नियमभंग म्हणून याची नोंद कुठेच होत नसे. शेजारी त्याला ‘पक्का फ्यूज’ म्हणत.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने बेस्ट कंपनी ताब्यात घेतली आणि शहर भागापुरती एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. इमारतीचा नकाशा मंजूर करणारी, आग विझवणारी आणि वीज पुरवणारी संस्था आता एकच होती. वायरिंगवर देखरेख ठेवणारा निरीक्षक तेवढा राज्य सरकारचा. सर्व धागे एकत्र ओवण्याची संधी मुंबईइतकी दुसऱ्या कोणत्या शहराला क्वचितच मिळाली असेल, आणि ती वाया गेली असेच म्हणावे लागते. बेस्ट मीटरपर्यंत पाहत राहिली, इमारत खाते भिंतीपर्यंत आणि अग्निशमन दल आग लागल्यावर. त्याच वर्षीच्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. या कायद्याने इमारतीची दुरुस्ती मालकावर टाकली होती आणि वीज व जिन्यावरचा दिवा यांची गणना अत्यावश्यक सेवांत करून मालकाला त्या तोडण्यास मनाई केली होती. दिवा तोडता येत नव्हता हे चांगलेच झाले, परंतु त्या दिव्याची तार बदलण्याइतके पैसे गोठलेल्या भाड्यातून निघत नव्हते आणि मालकाच्या भिंतीवर आपल्या खर्चाने नवी वायरिंग करावी असे भाडेकरूलाही वाटत नव्हते. १९४० पूर्वीच्या बॅटनपट्ट्या स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके टिकल्या त्या याच कारणाने.

त्यात दोन गोष्टींची भर पडली. तांबे बहुतेक आयातीचे असल्याने साठीच्या दशकापासून घरगुती वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमची तार सर्रास आली. हा धातू स्क्रूखाली दाबला गेला की हळूहळू दबत जातो आणि हवेत त्याच्यावर वीज न वाहणारा थर धरतो. परिणामी सांधा सैल होतो, तापतो आणि बटणाच्या मागे काळा डाग दिसू लागतो. दुसरी गोष्ट भाराची. दोन दिवे आणि एक पंखा एवढ्यासाठी ओढलेल्या तारेवर इस्त्री, फ्रिज, मिक्सर, गीझर आणि शेवटी वातानुकूलन यंत्र चढले. जमिनीकडे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे संरक्षक उपकरण नियमांत नंतर समाविष्ट झाले, पण त्यातून पाच किलोवॉटखालच्या साध्या घरगुती जोडण्या वगळल्या होत्या. म्हणजे ज्या लहान खोलीत मोरी, ओली फरशी आणि बटण हाताच्या अंतरावर असतात तिलाच सक्तीतून सूट मिळाली. या सवलतीचे समर्थन खर्चाच्या मुद्द्यावर करता येईल, सुरक्षिततेच्या मुद्द्यावर नाही.

उंच इमारतींच्या बाबतीत मात्र स्थानिक आणि वरिष्ठ नियम एकमेकांच्या जवळ आले. १९५६ च्या नियमांत पुढे घातलेल्या ५० अ या नियमाने १५ मीटरपेक्षा उंच इमारतीच्या मालकाला पुरवठ्यापूर्वी निरीक्षकाला ३० दिवसांची सूचना देणे भाग पाडले; आणीबाणीत सगळ्या इमारतीची वीज एका जागी तोडता येईल असा स्विच जमिनीपासून २.७५ मीटरच्या आत ठळक ठिकाणी बसवण्यास सांगितले. आणि केबलच्या उभ्या नळमार्गात, ज्याला बांधकामवाले डक्ट म्हणतात, इतर पाइप नेण्यास मनाई करून प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक अडसर घालायला लावला. डक्ट मोकळा राहिला तर तो धुराड्याचे काम करतो आणि तळमजल्यावरची आग काही मिनिटांत वर पोहोचते, हे त्यामागचे साधे कारण. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनेही इमारतीतील विद्युत कामाला राष्ट्रीय इमारत संहितेशी बांधले. तारेचा विचार नकाशाबरोबरच होऊ लागला तो येथून, पण अर्थातच नव्या इमारतींपुरता.

२००३ च्या विद्युत अधिनियमानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षेचे विनियम काढले. गळती मोजण्याच्या जुन्या रीतीऐवजी आता ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट लावून तारेचा विसंवाहक रोध किमान एक मेगओहम भरतो की नाही हे पाहिले जाते. वायरमनच्या भाषेत याला ‘मेगर मारणे’ म्हणतात. पाच वर्षांची मुदत कायम आहे, मात्र कमी दाबाच्या जागांसाठी मालकाने स्वतःच प्रमाणपत्र द्यावे या दिशेने नियम सरकले आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने स्थानिक संस्थेला अखेर एक आवर्ती दाखला मिळाला, जो दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. पण तो इमारतीतील आग विझवण्याच्या यंत्रणेचा आहे, आग लावू शकणाऱ्या तारेचा नव्हे. महानगरपालिका कायद्याच्या ३५३ ब या कलमानुसार मुंबईतील तीस वर्षांवरील प्रत्येक इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. ते कलम इमारतीच्या स्थैर्यापुरते आहे. तिच्या भिंतीतील वायरिंगची तपासणी त्यात येत नाही.