भाडेकरूंचे संरक्षण, महाराष्ट्रातील

खासगी मालकीच्या जागेत भाड्याने राहणाऱ्यांना मनमानी भाडेवाढ व बेदखली यांपासून मिळणारे कायदेशीर संरक्षण. राज्यात ते मुख्यतः ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ याने मिळते. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

पूर्वपीठिका : पहिल्या महायुद्धाच्या काळातील घरटंचाईमुळे मुंबईत १९१८ मध्ये भाडेनियंत्रण सुरू झाले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. विदर्भ व मराठवाड्यात वेगळे कायदे होते. गोठलेल्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना, म्हणून चाळी मोडकळीस आल्या आणि पागडीचा, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेण्याचा, बेकायदा व्यवहार फोफावला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भाडेगोठवण अवाजवी ठरवली. त्यानंतर तिन्ही विभागांसाठी हा एकच कायदा झाला आणि त्याने पागडीलाही मान्यता दिली.

भाडेकरूचे हक्क : प्रमाणित भाड्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. भाड्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पाणी, वीज, जिन्यातील दिवे यांसारख्या अत्यावश्यक सोयी तो तोडू शकत नाही. जागेची दुरुस्ती त्याने टाळल्यास १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो व खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी.

भाडे थकले तरी मागणीची नोटीस दिल्यापासून ९० दिवस मालकाला दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळव्याज व दाव्याचा खर्च भरल्यास ताबा वाचतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, पक्के बांधकाम करणे, सबळ कारणाविना जागा सहा महिने न वापरणे किंवा मालकाला जागेची खरी गरज असणे ही बेदखलीची काही कारणे होत. मालकाची गरज सिद्ध झाली, तरी ताब्यामुळे भाडेकरूची अधिक ससेहोलपट होणार असेल, तर न्यायालय ताबा नाकारते. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

लिव्ह अँड लायसन्स : शहरांतील बहुतेक नवे करार या प्रकारचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी केवळ वापराची परवानगी देणारे, असतात आणि वरील संरक्षण त्यांना मिळत नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा कराराने राहत असलेल्यांना पूर्वी भाडेकरूचा दर्जा देण्यात आला होता. नंतरच्यांना तो नाही. मुदत संपताच जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा मिळवू शकतो.

करारनोंदणी : दोन्ही प्रकारचे करार लेखी व नोंदणीकृत हवेत, जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध पुरावा नसेपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मर्यादा : भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये वा अधिक असलेल्या कंपन्या, बँका व परदेशी वकिलाती भाडेकरू असल्यास त्यांना हा कायदा लागू नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. मात्र घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यसूचीतील विषय असल्याने राज्याने तसा कायदा केल्याखेरीज ही तरतूद लागू होत नाही.