तुमच्या गाडीवरचा वॅक्सचा डाग आणि १९२३ सालचा सल्ला

आजचा भाग गाडीवर वाळून घट्ट बसलेल्या वॅक्सबद्दल आहे. हो, इतिहासाच्याच पॉडकास्टवर.

काळ्या बंपरवर पांढरे डाग, बॉनेटवर ढगाळ पट्टे, आणि पुसायला गेलं की डाग फक्त जागा बदलतो. मग कोणीतरी सांगतं, "थिनर मार", दुसरा सांगतो, "रबिंग करून घे". हे सल्ले मूर्खपणाचे नाहीत. फक्त ते वेगळ्याच रंगासाठी तयार झाले होते. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात: मूळ सिस्टिम कधीच बंद पडली, कोड मात्र अजून चालूच.

मोटारी नवीन होत्या तेव्हा त्यांना घोडागाडीसारखंच ब्रशने व्हार्निश लावायचे. थरावर थर, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत वाट बघा. एक गाडी रंगून बाहेर यायला कित्येक आठवडे लागत. मग १९२३ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीने ड्यूको आणला आणि १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी निळ्या ड्यूकोत रस्त्यावर आली. हा रंग नायट्रोसेल्युलोजचा. म्हणजे सिनेमाची जुनी, पटकन पेट घेणारी फिल्म ज्याची बनायची, तेच रसायन. फवारा, काही तासांत वाळला, विषय संपला.

पण एक गोची होती. फवारल्यावर हा रंग मंद दिसायचा, चमक घासूनच आणावी लागायची. वर उन्हाने त्याचा वरचा थर मरून पिठासारखा व्हायचा. तो घासून काढला की खालून ताजा रंग वर यायचा, आणि फडक्यालाही रंग लागायचा. म्हणजे रबिंग हा तेव्हा देखभालीचाच भाग होता. घासून झालं की वर वॅक्स.

आता या वॅक्सची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. त्यातलं नावाजलेलं मेण म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये, सिआरा आणि पिआउई भागात, एक ताड होतो. तिथल्या कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेण चढवतो. लोक पानं कापतात, वाळवतात, झोडपतात, आणि पडलेली भुकटी वितळवतात. हे मेण साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. मधमाश्यांचं मेण त्याच्या बरंच आधी, ६२-६४ लाच. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे मालक एच. एफ. जॉन्सन ज्युनियर हे झाड बघायला पाण्यावर उतरणाऱ्या सिकोर्स्की विमानातून विस्कॉन्सिनहून थेट ब्राझीलला गेले. कच्चा माल पुरेल का, एवढंच बघायला! (तुमच्या खोलीत रात्री ऑल आउटचं मशीन लागत असेल, तर ते आज याच कंपनीचं.)

आता डागाकडे येऊ. एवढं कडक मेण गाडीवर पसरणार कसं? म्हणून ते टर्पेंटाइनसारख्या सॉल्व्हंटमध्ये मऊ करतात. लावलं की सॉल्व्हंट उडतं, मेण मागे राहतं. पातळ लावलं तर फडक्याने सहज निघतं. जाड लावलं, किंवा तापलेल्या पत्र्यावर लावलं, की ते तिथेच कडक होऊन बसतं. पाण्याचं आणि त्याचं वाकडं, त्यामुळे सौम्य शॅम्पूने काही होत नाही.

आणि इथे जुना सल्ला अंगाशी येतो. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रुळली. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बारीक. उन्हापासून रंगाचं रक्षण तोच करतो. दर दिवाळीला मशीनने रबिंग करून घेतलं तर आपण पैसे देऊन तोच कमी करत असतो, आणि संपला की परत येत नाही. ज्या गाडीचा हप्ता अजून तीन वर्षं चालणार आहे, तिच्याशी हे कशाला?

थिनरचंही तेच. हार्डवेअरच्या दुकानात "एनसी थिनर" मिळतो. त्यातलं एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ड्यूकोच्या घराण्यातला रंग विरघळवण्यासाठीच तो बनलाय! आजच्या प्लास्टिकच्या हेडलाइटला तो लागला तर काच धुरकट होऊन तडकू शकते.

मग करायचं काय? गाडी सावलीत, पत्रा गार. आधी धूळ धुवून काढा, नाहीतर तीच ओरखडे पाडेल. मग त्याच डबीतलं वॅक्स डागावर पुन्हा अगदी पातळ लावा आणि वाळू न देता लगेच स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. नव्या वॅक्समधलं सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतं, त्यामुळे बहुतेक डाग इथेच जातात. नाहीच गेला तर फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घ्या, आधी कोपऱ्यात लावून बघा, आणि नंतर शॅम्पूने धुवा. काळ्या खरखरीत प्लास्टिकमध्ये मेण खाचांत शिरतं, तिथे मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुढच्या वेळी मात्र त्या प्लास्टिकवर आधीच मास्किंग टेप लावा. चला, भेटू पुढच्या भागात.